जीपखालचा डाग

तुम्ही गेल्यापासून आपल्या अंगणात सगळ्यांत जास्त बोलणं कशाविषयी झालं असेल, तर जीपखालच्या ऑइलविषयी. तुम्हाला हसू येईल. बाया माझ्या गळ्यात पडून रडत होत्या आणि बाहेर सतरंजीवर बसलेली पुरुषमंडळी वाकून वाकून जीपच्या पोटाखाली बघत होती. काळा डाग पसरत पसरत सतरंजीच्या काठाशी आला, तेव्हा कुणीतरी सतरंजी अलीकडे ओढली. मी उंबऱ्यात बसून ते बघत होते. रडता रडता मला वाटून गेलं, आता तुम्ही उठाल आणि म्हणाल, सरका जरा, बघू द्या काय झालंय ते.

आदल्याच दिवशी तर तुम्ही ऑइल बदललं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे दूध संस्थेतून कॅन भरून उमरग्याला गेलात, शीतकरण केंद्राच्या पायरीवर जरा बसतो म्हणालात आणि सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. डॉक्टर हृदय म्हणाले. मी मान हलवली. हृदयातलं मला काही कळत नाही, ते दिसतही नाही. जीपमधलंही मला काही कळत नव्हतं, पण ते निदान थेंबाथेंबानं समोर पडत होतं. तुमच्या भावानं, मिलिंदनं, ती जीप उमरग्याहून चालवत आणली आणि नेहमीच्या जागी लिंबाखाली लावली. तेव्हापासून ती गळत होती.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी दूध संस्थेचे चेअरमनअण्णा आले. बराच वेळ माझ्याशी बोलले, चांगलं बोलले. जाताना जीपपाशी थांबले, डाग बघितला आणि मिलिंदला हळूच म्हणाले, "ऑइल बदलताना मन ठिकाणावर नसंल बघ त्येचं. न्हाईतर असं काम हुतंय व्हय त्येच्या हातनं?"

दोष द्यायचा म्हणून ते बोलले नाहीत, कळवळ्यानंच बोलले. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मन ठिकाणावर नसायला काय कारण होतं, हे त्या अख्ख्या गर्दीत फक्त मला ठाऊक होतं. आपण बोलत नव्हतो. दोन-चार दिवस झाले होते, आपला अबोला चालू होता. मग जीप जर तुमच्या हातच्या चुकीनं गळत असेल, तर तुमचा शेवटचा दिवस माझ्यावरच्या रागातच गेला असं होतं. आणि तसं नसेल, तर मग कशात गेला? मला ते ऑइल कुठून येतंय हे कळायलाच हवं होतं. लोकांना वाटलं बाईला धक्का बसलाय, म्हणून जीपभोवती फिरतेय. धक्का बसला होताच, पण फिरत होते ते यासाठी.

भांडण काय होतं, तेही आता कुणाला सांगावं? पाऊस नसल्याचं दुसरं वर्ष. कडबा संपला, छावणीत गेलेल्या जनावरांना दूध कुठून येणार, आणि तुम्ही नेलेले कॅन अर्धेमुर्धे भरलेले. संस्थेत बोलणं चाललं होतं की आता जीप रोज नको, दिवसाआड पाठवू. त्यात उमरग्याच्या एका ट्रकवाल्यानं तुम्हाला हैदराबादच्या लाइनवर यायचं आवतण दिलं. तुमच्या डोळ्यांत हायवे दिसायला लागला. तुमचं म्हणणं, दूध आटलं की जीप उभी राहणार, उभ्या जीपचा ड्रायव्हर होऊन मी काय करू? माझं म्हणणं, ट्रकवर गेलेला माणूस घरी पाहुण्यासारखा येतो, आणि मला असला पाहुणा नको. तुम्ही म्हणालात, मग तूही उमरग्याला चल. मी म्हटलं, माझ्या बालवाडीतली लेकरं कुणी सांभाळायची? तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मला शब्दन्‌शब्द आठवतं.

"तुला तुझी बालवाडी सुटंना. मग मला ही जीप सुटती व्हय? पर सोडावी लागती, मास्तरीणबाई."

मी म्हणाले, "मग जावा की. मला इचारता कशाला?"

त्यानंतर तुम्ही विचारलं नाहीत. मीही काही म्हटलं नाही. आपल्या घरचा अबोला तुम्हाला माहीत आहे, त्याची एक शिस्त होती. मी चहाचा कप नेऊन जीपच्या बॉनेटवर ठेवायचा आणि दोन टिचक्या मारायच्या. तुम्ही पिऊन रिकामा कप खिडकीत ठेवायचा. असा आपला संसार कधी कधी आठवडाभर बिनबोलता चालायचा आणि मग कुणीतरी एक जण कशावरून तरी हसायचं. या वेळीही तसंच होणार होतं. त्याबद्दल मला शंका नव्हती, म्हणून मी घाई केली नाही.

पण ऑइल बदललंत त्या सकाळचं एक सतत डोळ्यांपुढे येतं. मी चुलीपुढे भाकरी थापत होते. तुम्ही ऑइल बदलता बदलता मधेच उठून आलात आणि दारात उभे राहिलात. काळे झालेले हात कपड्यांना लागू नयेत म्हणून दोन्हीकडे लांब धरलेले. काहीतरी बोलणार असं वाटलं. मी पाठमोरी होते, तरी मान जराशी वळवून बघितलं. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात, माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होतात. मग न बोलता परत गेलात. मला वाटलं, अजून उतरला नाही राग. तुमचं ते दारात येणं आणि तसंच निघून जाणं मी इतके दिवस घोळवत बसले होते. त्यात चेअरमनअण्णांच्या बोलण्याची भर.

तुमची जीप म्हणजे काय होती हे मला माहीत नव्हतं असं नाही. बहात्तरच्या दुष्काळात आपण दोघं खडी फोडायला एकाच रस्त्यावर होतो. मी माझ्या आईबरोबर आणि तुम्ही तुमच्या वडिलांबरोबर. खायला सुकडी मिळायची त्या रांगेत तुम्ही कधी दिसायचा नाहीत, कारण त्या वेळात तुम्ही ठेकेदाराच्या ट्रकखाली घुसून ड्रायव्हर काय करतोय ते बघत असायचात. आई म्हणायची, हे पोरगं उपाशी मरंल पण चाक सोडायचं न्हाय. पुढं त्याच पोराला तिनं मला दिली. दूध संस्था निघाली, जीप आली, तुम्ही तिच्यावर ड्रायव्हर झालात आणि ती जीप रोज आपल्या वस्तीत, आपल्या दारात उभी राहायला लागली. पहिल्या दिवशी तुमचे वडील नुसते तिच्याभोवती चकरा मारत होते. विजयादशमीला तुम्ही तिला निळं निशाण लावायचात. आता गळती लागल्यावर एकजण म्हणालाच, लिंबू-मिरची बांधली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, लिंबानं ऑइल थांबत असतं तर मिस्त्री कशाला हवेत? तुमच्या वतीनं म्हटलं. तुम्ही याहून तिखट बोलला असतात.

मिलिंदनं पहिल्यांदा बघितला तो नट. इंजिनच्या तळाला ऑइलचं भांडं असतं, त्याला तुम्ही चेंबर म्हणता, त्याच्या खालच्या नटावरून थेंब पडत होते. जुनं ऑइल तिथूनच काढतात, म्हणून सगळ्यांची खात्री की दादानं नट ढिला ठेवला. मिलिंद पाना घेऊन खाली घुसला. मी उकिडवी बसून बघत होते. नट ढिला निघाला असता तर मी काय करणार होते, मला माहीत नाही. मिलिंदनं जोर लावला, पाय रोवून परत लावला. नट हलला नाही. तो खालूनच म्हणाला, वहिनी, दादानं लई कडक आवळलाय. मला इतकं बरं वाटलं, की मी उगीचच आत जाऊन त्याला चहा टाकला.

बरं वाटणं काही टिकलं नाही. नट घट्ट, मग थेंब का? मिलिंद म्हणाला, कदाचित ऑइल जास्त झालं असेल, जास्त झालेलं बाहेर येतं. ऑइल मोजायची पट्टी काढून बघितली तर ऑइल खुणेच्या खाली गेलेलं. जास्त नव्हतंच. शेजारच्या काकांचं म्हणणं, ओतताना सांडलेलं असेल तेच टपकतंय, आपोआप थांबेल. आणि खरंच, जीप उभी असली की एक-दोन दिवसांत थांबायचं. आम्ही म्हणायचो, चला, सुटलो. मिलिंद ती काढून संस्थेत जाऊन यायचा, की पुन्हा डाग. उभी असताना शहाणी, चालली की वेडी. एकदा वाटायचं, तुमचं काही चुकलं नाही, यंत्रच जुनं झालंय. दुसऱ्यांदा वाटायचं, मग नेमकं ऑइल बदलल्यावरच कसं जुनं झालं?

मग मी दुसरीकडेच भरकटायला लागले. तुम्हाला त्या दिवशीच बरं नव्हतं का? ऑइल बदलताना छातीत दुखत होतं का, हात थरथरत होते का, म्हणून काहीतरी राहून गेलं का? दारात आलात ते, जरा पाणी दे, कसंतरी होतंय, एवढंच सांगायला आला होतात का? हा विचार आला तशी मी उठले. मिलिंदला विचारलं, तुमच्याबरोबर कॅन चढवणाऱ्या गड्याला विचारलं. दोघंही म्हणाले, तसं काही दिसलं नाही, दादा नेहमीसारखेच होते, वाटेत गाणं म्हणत होते. गाणं म्हणत होते? माझ्याशी बोलत नव्हतात आणि जीपमध्ये गाणं म्हणत होतात. मला आनंद व्हावा की संताप यावा, हेच कळेना. संतापच आला. अजूनही थोडा आहे.

शेवटी उमरग्याहून मेहबूब मिस्त्री आले. तुमचे दोस्त. त्यांनी बॉनेट उघडलं. मग तोंडाला रुमाल लावला. जरा वेळानं बघायला लागले, पण इंजिनवर सगळीकडे ऑइल आणि धूळ बसून असा थर झालेला, की कुठून काय येतंय याचा पत्ता लागेना. ते मला म्हणाले, "भाभी, पाणी मारून इंजन धुतलं पायजे. धुतल्याबिगर इसका कुछ पता न्हाय लागणार."

टँकर येतो त्या दिवशी वस्तीतल्या बाया हंड्यांची रांग सोडून लघवीलाही जात नाहीत, आणि मी जीपला अंघोळ घालू? त्यांच्याही लक्षात आलं. ते म्हणाले, मग उमरग्याला आणून ठेवा, फुरसतीनं सगळं खोलतो. संस्थेकडे तितका दम नव्हता. दुधाला तोवर दुसऱ्याचा टेम्पो लावला होता आणि चेअरमनअण्णांनी निरोप पाठवला होता की जीप लौकर उभी राहिली तर दुधाचा रस्ता, म्हणजे उमरग्याची फेरी, चालू ठेवता येईल, नाहीतर काही सांगता येत नाही. म्हणजे बघा, ज्या रस्त्यासाठी आपण भांडलो तोच या डागावर येऊन थांबला. आपल्या भांडणात कोण बरोबर होतं, हे मला आता मुळीच सांगता येणार नाही. तुम्ही असतात तर मी ठामपणे सांगितलं असतं.

त्या दिवशी मिस्त्री गेल्यावर मी बालवाडीचं सामान आवरायला काढलं. उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर मी ते दरवर्षी घरी आणते, तसं याही वर्षी आणलेलं होतं. मोडक्या बाहुल्या, तक्ते, आणि खडूच्या भुकटीचा डबा. फळ्याखाली साठलेली भुकटी मी टाकत नाही, लेकरांना खेळायला जमिनीवर रेघा आखायच्या तर ती कामाला येते. डबा हातात घेतला आणि झाकण उघडताना ती माझ्या बोटांना लागली. कोरडी, पांढरीशुभ्र. बोट ओलं असतं तर लगेच दिसलं असतं. मी मिलिंदला हाक मारली आणि म्हटलं, धुवायला पाणी नाही, पण पुसता येईल की. रॉकेलच्या चिंधीनं सगळं इंजिन कोरडं पूस, मग त्याच्यावर ही भुकटी टाकू आणि चालू करू. जिथं पहिल्यांदा काळं होईल तिथून येतंय.

मिलिंदला पटलं की नाही माहीत नाही, पण त्यानं वहिनीचं ऐकलं. पुसण्यातच दुपार गेली. मग मी वाकून, खेळाचं मैदान आखते तशी, इंजिनच्या अंगावर भुकटी टाकली. तुमची काळी जीप आतून पांढरी झाली. तुम्ही बघितली असती तर म्हणाला असतात, मास्तरीणबाईंनी जीपला बी शाळेत घातली.

मिलिंदनं जीप चालू केली. आधी काहीच झालं नाही. इंजिन थरथरत होतं, थोडी भुकटी उडाली, मला शिंका आल्या. मिलिंदनं ॲक्सिलेटर दाबला. तेव्हा कडेला तो ऑइल गाळायचा फिल्टरचा डबा आहे ना, त्याच्या वरच्या काठावर एक बारीक काळी रेघ उमटली. बघता बघता ती ओघळ होऊन डब्यावरून उतरली, इंजिनच्या कडेनं गेली, चेंबरवर आली आणि फिरून फिरून बरोबर त्या नटाच्या टोकाला जाऊन थेंब झाली. गळत होतं वर आणि सगळे बघत होते खाली.

मिलिंदनं जीप बंद केली, गार होऊ दिली, आणि फिल्टरचा डबा खोलला. डबा आणि इंजिन यांच्या मधे रबराचं कडं असतं. ते तुम्ही नवं घातलेलं होतं, चांगलं होतं. मिलिंद ते उलटंपालटं करून बघत होता, त्याला काहीच कळेना. मग त्यानं डबा जिथं बसतो त्या वरच्या खाचेत बोट फिरवलं. बोट थांबलं. स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटून त्यानं आणखी एक कडं काढलं, चपटं झालेलं, वाळून काळंठिक्कर, खाचेला चिकटून बसलेलं.

"वहिनी," तो म्हणाला, "हितं दोन हायती. दादानं जुनं काढलंच न्हाय, त्येच्यावरच नवं बसवलं."

त्याला वाटलं मला वाईट वाटलं, म्हणून तो समजूत घालायला लागला की कुणाच्याही हातून होतं, जुनं तिथं चिकटलं की दिसतही नाही. मला ते ऐकू येत नव्हतं. मी त्या कड्याकडे बघत होते. कारण जुनं कडं माझं असतं. हे मिलिंदला काय माहीत, मेहबूब मिस्त्रींना काय माहीत? ते फक्त तुम्हाला आणि मला माहीत.

बालवाडीला खेळणी नव्हती, तेव्हापासूनचं आहे हे. पहिल्यांदा तुम्हीच ते रबर पुसून मला दिलंत आणि म्हणालात, खुंटी ठोकून पोरांना यानं रिंग फेकायला लाव. त्यानंतर ऑइल बदललं की जुनं रबर माझं. तुम्ही जीपखाली असायचात, शेजारी घमेल्यात काढलेलं सामान पडलेलं असायचं, आणि मी तुमच्या नकळत त्यातून रबर उचलून न्यायची, राखेनं घासून चुलीजवळच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायची. तुम्ही बाहेर येऊन घमेल्यात शोधायचात, मग ओरडायचात, "खेळणं नेलं का, मास्तरीणबाई?" मी आतून ओ द्यायची. ती आपली पद्धतच पडली होती. जुनं घमेल्यात दिसलं नाही म्हणजे मी नेलं. तुमच्यासारख्या माणसाला जुनं निघालं की नाही हे तपासायची गरजच माझ्यामुळे राहिली नव्हती. दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरची ही चूक झाली नसती. त्याच्या घमेल्यातून बायको चोऱ्या करत नसणार.

आणि त्या दिवशी आपण बोलत नव्हतो, म्हणून तुम्ही ओरडला नाहीत. उठून दारात आलात. हात लांब धरून उभे राहिलात आणि माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघितलंत. भिंतीवर खिळा होता. एरवी बालवाडी चालू असते तेव्हा त्या खिळ्याला एकच ताजं रबर असतं, किंवा काहीच नसतं. पण सुट्टी लागली होती, मी बालवाडीतली सगळी रबरं आणून तिथंच अडकवली होती. तुम्हाला काळ्या रबरांचा एक झुबका दिसला. त्यातलं आजचं कोणतं, हे कोण ओळखणार? तुम्हाला वाटलं, नेलं बाईनं. परत जाऊन तुम्ही नवं बसवलंत.

हे मी असं धरून चालले आहे. नक्की सांगायला तुम्ही नाहीत. मी त्या दाराशी उभी राहून बघितलं, तुमची उंची माझ्यापेक्षा जास्त म्हणून पाटावर उभी राहून बघितलं. चुलीपुढे बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून खिळाच दिसतो. म्हणजे तुमचं मन ठिकाणावर होतं. काम नेहमीसारखंच चाललं होतं, अगदी जुन्या रबराचा हिशेब ठेवण्यापर्यंत. चेअरमनअण्णांना मी हे सांगितलं. त्यांना रबराचं कळलं, बाकीचं कळलं नसावं. ते म्हणाले, बरं झालं, सापडलं.

सापडलं खरं. पण मी होते त्याहून जास्त गोंधळले आहे. कारण नुसतं रबर बघायचं असतं तर तुम्ही जीपपासून उठून, काळे हात सावरत, दारापर्यंत का आलात? खिडकीतूनही दिसलं असतं. अबोला असताना तुम्ही कधी असे चुलीकडच्या दारापर्यंत येत नव्हतात, तो आपला नियम होता. मग रबराचं निमित्त करून तुम्ही बोलायला आला होतात का? खेळणं नेलं का, असं म्हटलं असतं तर मी हसलेच असते, आणि तुम्हाला हे माहीत होतं. खिळ्यावर रबर दिसलं आणि विचारायचं निमित्तच गेलं, असं झालं का? की तुम्ही खरोखर फक्त रबरासाठी आलात, माझ्यावर रागावलेले होतात, आणि मीच आता गोड अर्थ लावत बसले आहे? एक दिवस मी एकीकडे असते, दुसऱ्या दिवशी दुसरीकडे. ऑइल कुठून येतं हे खडूच्या भुकटीनं कळलं. याला कुठली भुकटी टाकू?

तुमचे आभार कसे मानावेत तेही कळत नाही. पंधरा-सोळा वर्षं तुम्ही माझ्या लेकरांसाठी रबरं काढलीत. आपल्याला मूल नाही, पण गावातली निम्मी पोरं तुमच्या फिल्टरची रबरं फेकून मोठी झाली. त्यांतलीच काही तुम्हाला खांदा द्यायला होती. मी हे तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. भांडणात किती तरी गोष्टी बोलून दाखवल्या, ही राहिली.

मिलिंदनं खाच स्वच्छ करून एकच नवं रबर बसवलं. ऑइल भरलं. कारखान्यात ऊस नाही, मिलिंद चालवायचा तो ट्रॅक्टर बंदच आहे, म्हणून संस्थेनं तूर्त जीपवर त्यालाच घेतलं. काल सकाळी तो कॅन घेऊन उमरग्याला गेला आणि दुपारी परत आला. मी जीपखाली माझं जुनं लुगडं अंथरून ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत दहा वेळा वाकून बघितलं. कोरडं होतं. आज सकाळी बॉनेटवर चहा ठेवला आणि सवयीनं दोन टिचक्या मारल्या. मिलिंद मागून म्हणाला, वहिनी, हाक मारायची की.

तो खोललेलं सामान टाकायला निघाला होता, त्यात ते वाळलेलं कडं होतं. मी म्हटलं, ते इकडं आण. राखेनं घासलं, पण फारसं निघालं नाही. तुम्ही आवळलेल्या डब्याचा वळ त्याच्यावर पडलाय, तो तसाच आहे. जूनमध्ये बालवाडी उघडली की पोरांना देईन. तोवर खिळ्यावर ठेवलंय, बाकीच्यांपासून वेगळं, म्हणजे चूक व्हायला नको.

तुम्ही दारात आला होतात तेव्हा विचारायचं राहिलं, आणि मी ओ द्यायची राहिले. अहो, त्या दिवशी नव्हतं नेलं हो मी. आता नेलंय.